काउन्सेलर व्हायचंय, तर डिग्री कशी निवडायची आणि ती करताना काय शिकून घ्यायचं

बारावीचे आणि टीवायचे निकाल लागले की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा नाहीतर कुणाच्या तरी वहिनींचा फोन येतोच, ‘मला काउन्सेलर व्हायचंय, कुठला कोर्स करू?’ आणि तोवर बहुतेकींनी इन्स्टावर एखादी जाहिरात बघितलेली असते, अमुक वीकेंडमध्ये सर्टिफाइड काउन्सेलर व्हा, आज पैसे भरले तर फी निम्मी वगैरे. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकते. महाराष्ट्रातलं लिहितेय, त्यातही पुण्या-मुंबईकडचं जास्त, कारण तेच मला जवळून माहितीय.

आधी घरच्यांना एक नीट समजावून सांगा, कारण तिथेच सगळा घोळ असतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, तो एमबीबीएस आणि मग एमडी झालेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळा, त्याचं रजिस्ट्रेशन आरसीआयकडे म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असतं, टेस्टिंग, निदान, थेरपी हे त्याचं काम. सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर हा एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सच्या वाटेने आलेला. आणि मग आपण, काउन्सेलर, समुपदेशक. परीक्षेची भीती, नवरा-बायकोचं पटत नाही, नोकरी गेली, घरात कुणी गेलं, मूल शाळेत जायला तयार नाही, व्यसन सोडायचंय, अशा गोष्टी घेऊन माणसं आपल्याकडे येतात. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा गंभीर मानसिक आजार असेल तर आपण एकट्याने ते अंगावर घ्यायचं नसतं, सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवायचं आणि त्याच्या जोडीने काम करायचं. हे अंतर ज्याला ठाऊक नाही त्याने कितीही डिग्र्या घेतल्या तरी मला त्याची भीतीच वाटते.

आता कायद्याचं, थोडं कंटाळवाणं आहे पण वाचा, कारण यावरच तुमची फी वाया जाणार की नाही ते ठरतं. आरसीआयचा कायदा १९९२ चा. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट येतो, रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट येतो, पण साधा काउन्सेलिंगचा एमए झालेला माणूस त्या यादीत येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, त्यातही मेंटल हेल्थ प्रोफेशनलच्या व्याख्येत आपण नाही. मग २०२१ मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा नवा राष्ट्रीय कायदा झाला, आणि त्याच्या यादीत बिहेविअरल हेल्थ सायन्सेस अशी एक कॅटेगरी आहे, तिच्यात आरसीआयमध्ये न येणारे सायकॉलॉजिस्ट, वेगवेगळे काउन्सेलर, सोशल वर्कर असे सगळे घेतलेत. त्यामुळे डॉक्टर-वकिलांसारखं काउन्सेलरचं सगळ्या देशात चालणारं एकच लायसन असा प्रकार आजवर नव्हता, म्हणून कुणीही उठून बोर्ड लावू शकत होतं आणि लावतही होतं, पण पुढे रजिस्ट्रेशन येणार ही दिशा पक्की आहे. आणि ते आलं की पहिल्यांदा विचारणार ते हेच, की डिग्री कुठली, रेग्युलर होती का, प्रॅक्टिकल किती केलं. वीकेंड सर्टिफिकेटवाल्यांची तेव्हा पळापळ होणार आहे.

याच कायद्यामुळे अजून एक झालं, ते विशेषतः घरी राहून शिकणाऱ्या ताई-वहिनींसाठी सांगते. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सेशनपासून यूजीसीने या कायद्यात येणारे कोर्स डिस्टन्स आणि ऑनलाइन मोडने चालवायला बंदी केली आणि त्यात सायकॉलॉजीचं नाव स्पष्ट आहे. म्हणजे ‘घरबसल्या एमए सायकॉलॉजी’ ही जी वर्षानुवर्षं हजारो बायकांची वाट होती ती नव्या ॲडमिशनसाठी बंद. मला स्वतःला हा निर्णय अर्धाच पटतो. स्क्रीनवर बघून काउन्सेलिंग शिकता येत नाही हे खरंय, पण तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या, दोन मुलं असणाऱ्या बाईला रेग्युलर कॉलेज कुठून आणायचं याचं उत्तर कुणीच दिलेलं नाही. असो. आत्ता कुणी तुम्हाला ‘आमची ऑनलाइन एमए सायकॉलॉजी यूजीसी ॲप्रूव्ड आहे’ म्हणत असेल तर पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या साइटवर जाऊन बघा, एजंटच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका.

वाटा कुठल्या

सरळ वाट म्हणजे बीए सायकॉलॉजी आणि मग एमए. बारावी आर्ट्सच हवी असं काही नाही, कॉमर्स-सायन्सवालेही बीएला येतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे बीए तीन वर्षांत संपवता येतं नाहीतर चौथं ऑनर्सचं वर्षही करता येतं, आणि चार वर्षं केलेल्यांना पुढे एमए एका वर्षाचं अशी सोय आहे. माझं मत विचाराल तर काउन्सेलिंगसाठी दोन वर्षांचं एमए बरं, कारण कुणाच्या तरी हाताखाली काम शिकायला वेळ लागतो आणि एका वर्षात इंटर्नशिप कशीबशी उरकली जाते.

एमएला बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला सगळ्यांना सारखेच पेपर असतात आणि मग क्लिनिकल, काउन्सेलिंग, इंडस्ट्रियल असे फाटे फुटतात. गंमत अशी की प्रॉस्पेक्टसमध्ये तिन्ही छापलेले असतात आणि प्रत्यक्षात शिकवायला माणसं एकाचीच असतात, म्हणून ॲडमिशनच्या आधी ऑफिसात नको, थेट डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारायचं की गेल्या वर्षी काउन्सेलिंगची बॅच खरंच चालली का. मुंबई विद्यापीठाचं कालिन्याचं डिपार्टमेंट, त्याच्या नावातच अप्लाइड सायकॉलॉजी आणि काउन्सेलिंग सेंटर दोन्ही आहे. पुणे विद्यापीठाचं डिपार्टमेंट आहे, एसएनडीटी आहे, शिवाय नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगर इथल्या विद्यापीठांतूनही एमए होतं. टाटा इन्स्टिट्यूट म्हणजे टिस, तिथलं अप्लाइड सायकॉलॉजीचं एमए प्रॅक्टिकलसाठी नावाजलेलं आहे, पण सीट कमी आणि देशभरातून पोरं येतात, एंट्रन्स आता सीयूईटी पीजी या देशभरातल्या सामायिक परीक्षेतून होते, तर त्याची तयारी टीवायच्या पहिल्या सेमपासूनच सुरू करा.

एमएच्या नावात ‘क्लिनिकल’ आहे म्हणून तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालात असं नाही, यात दरवर्षी मुलं फसतात. आरसीआयची मान्यता असलेला कोर्स असेल तरच ते रजिस्ट्रेशन मिळतं. आजवर ती मान्यता मुख्यतः दोन वर्षांच्या एम.फिल.ला होती, बंगळुरूचं निमहान्स, रांचीचं सीआयपी, आपल्याकडे पुण्यातली महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ, अशा मानसिक आरोग्याच्या संस्थांत. एम.फिल. बंद करायचं ठरल्यावर यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती, आणि आरसीआयने त्याऐवजी स्वतःच्या अभ्यासक्रमाचे नवे कोर्स आणलेत. कुठल्या कॉलेजला मान्यता आहे ती यादी आरसीआयच्या साइटवर असते, ती बघायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं न दिल्याने लोकांची दोन वर्षं गेलेली आहेत.

दुसरी वाट एमएसडब्ल्यूची. ही मला कायम कमी लेखलेली वाटते. मुंबईचं निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, टिस, इथे आठवड्यातले साधारण दोन दिवस फील्डवर्क असतं, तेही पहिल्या वर्षापासून. हॉस्पिटलच्या ओपीडीत, पोलीस स्टेशनच्या महिला कक्षात, वस्तीत. सायकॉलॉजीची मुलगी लायब्ररीत थिअरी पाठ करत असते तेव्हा एमएसडब्ल्यूची मुलगी ससून हॉस्पिटलच्या बाकावर बसून कुणाच्या तरी आईशी बोलत असते. फॅमिली कोर्टातले विवाह समुपदेशक (१९८४ च्या कायद्यातच कोर्टाला काउन्सेलर द्यायची तरतूद आहे) बरेचसे याच वाटेने आलेले असतात. पण टेस्टिंग किंवा थेरपीच्या वेगवेगळ्या पद्धती यांचा पाया तिथे कमी मिळतो, तो नंतर स्वतः भरून काढावा लागतो.

शिक्षक असाल तर तिसरी वाट बघा, एनसीईआरटीचा गायडन्स अँड काउन्सेलिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा. आपल्याला भोपाळचं रीजनल इन्स्टिट्यूट लागू होतं, गोव्यालाही तेच. सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने तिथे जाऊन राहायचं, आणि उरलेले तीन महिने आपल्या गावातच इंटर्नशिप. शाळेतल्या कामासाठी अतिशय उपयोगी, सरकारी आहे, फी खाजगीच्या मानाने काहीच नाही, फक्त तीन महिने घर सोडून राहायचं एवढं जमवावं लागतं.

बीकॉम किंवा बीई करून आलेल्यांनी हे लक्षात ठेवा, काही विद्यापीठं सायकॉलॉजी नसलेल्यांना एमएला घेतात, काही घेत नाहीत, काही आधी अमुक पेपर दे म्हणतात, आणि हे नियम बदलत राहतात. या वर्षीचं माहितीपत्रक हातात घेऊनच ठरवा. सीनियरला गेल्या वर्षी मिळालं म्हणून तुम्हालाही मिळेल असं नसतं.

कॉलेजला काय विचारायचं

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. कॉलेजचं नाव, नॅकची ग्रेड, बिल्डिंग, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, दोन वर्षांत मी किती तास खऱ्या क्लायंटसमोर बसणार? दुसरा, त्या तासांवर माझ्याशी कोण बोलणार, म्हणजे सुपरव्हिजन कोण देणार, आणि ती बाई किंवा तो माणूस स्वतः प्रॅक्टिस करतो का? शिकवणारे नेट-सेट, पीएचडी सगळं असतात पण वीस वर्षांत एकही क्लायंट बघितलेला नाही असंही असतं, त्यांच्याकडून थिअरी उत्तम शिका, पण सुपरव्हिजनला ते चालत नाहीत. तिसरं, इंटर्नशिप कॉलेज लावून देतं की ‘तुमची तुम्ही शोधा आणि सर्टिफिकेट आणून द्या’ म्हणतं? ‘तुमची तुम्ही शोधा’ असं उत्तर आलं की समजायचं की तुम्हाला स्वतःलाच पळापळ करावी लागणार, ती करायची तयारी असेल तर तेही कॉलेज चालेल, फी कमी असेल तर उलट बरंच.

हे प्रश्न ऑफिसातल्या क्लार्कला विचारून उपयोग नाही. सेकंड इयरच्या मुलींना कॅन्टीनमध्ये गाठा, चहा पाजा, पंधरा मिनिटांत सगळं कळतं.

बीएला काय पक्कं करायचं

बीएला सगळे फ्रॉइडच्या मागे लागतात आणि स्टॅटिस्टिक्सला घाबरतात. आर्ट्सला आलो ते गणित सुटावं म्हणून आणि इथे पुन्हा टी-टेस्ट, ॲनोव्हा, कोरिलेशन. पण हे टाळू नका, कारण पुढे एखादी थेरपी चालते की नाही यावरचा रिसर्च पेपर वाचायचा तर एवढं यावंच लागतं, नाहीतर वर्कशॉपमध्ये कुणी काहीही पॉवरपॉइंट दाखवला तरी आपण माना डोलावणार. जामोव्ही नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर वर्गातल्याच पोरांचा डेटा घेऊन खेळत बसा, पुस्तकात अवघड वाटलेलं तिथे पटकन उमगतं.

प्रॅक्टिकलचं जर्नल सीनियरचं उतरवून काढायची एक थोर परंपरा आपल्याकडे आहे. त्यात नुकसान तुमचंच. एखादी टेस्ट माणसाला देताना त्याला कंटाळा कधी आला, कुठल्या प्रश्नाला तो हसला, सूचना त्याला कळल्या नव्हत्या तरी हो म्हणाला का, हे बघायची सवय तिथेच लागते. आणि टेस्टचा इतिहासही थोडा वाचा. बिने-कामत ही बुद्धिमापनाची चाचणी व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली, परदेशी टेस्ट जशीच्या तशी आपल्या पोरांना दिली तर काय गोंधळ होतो हे त्यांना तेव्हाच कळलेलं होतं, आणि आपण आज नेटवरून उतरवलेली अमेरिकन प्रश्नावली थेट जिल्हा परिषदेच्या शाळेत वाटून मोकळे होतो.

मराठी मीडियमवाल्यांना भाषेची धास्ती असते. बऱ्याच विद्यापीठांत बीएचे पेपर मराठीतून लिहिता येतात, एमएचं मात्र आधी विचारून घ्या. पुस्तकं बहुतेक इंग्रजीच असतात, तर फर्स्ट इयरपासून रोज दोन पानं वाचायची, बाकी काही नाही. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून कुणी वाईट काउन्सेलर होत नाही. उलट कॉन्व्हेंटमधल्या मुलींना पुढे वेगळीच अडचण येते ती खाली सांगते.

खरं शिकणं

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलं की माणूस बदलायला समोरच्याकडून काय लागतं, तर त्याचं म्हणणं त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, कुठलीही अट न घालता त्याला स्वीकारणं, आणि स्वतः आतबाहेर एक असणं. परीक्षेत हे दहा मार्कांना येतं आणि सगळ्यांना दहापैकी आठ पडतात. पण प्रत्यक्षात करायला गेलं की घाम फुटतो, कारण आपण वाढलोच सल्ला ऐकत आणि सल्ला देत.

रोल प्लेमध्ये नेहमी होतं ते सांगते. क्लायंट झालेली मुलगी म्हणते, ‘मॅडम, मला ८९ टक्के पडले तरी बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत.’ काउन्सेलर झालेली लगेच म्हणते, ‘अगं असं नसतं, बाबांचं प्रेम असतंच, त्यांना दाखवता येत नाही.’ झालं, दार बंद. आता ती मुलगी पुढे काय बोलणार? तिने बाबांबद्दल काही बोललं तर ती कृतघ्न ठरणार. त्याऐवजी, ‘एवढे मार्क पडले आणि ज्यांनी काहीतरी बोलावं असं वाटत होतं ते गप्पच आहेत,’ एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. ते थांबणं फार अवघड असतं, पाच सेकंद सुद्धा युगासारखे जातात, पण त्या पाच सेकंदांनंतर जे बाहेर येतं त्यासाठीच ती आलेली असते.

हे शिकायची जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत म्हणजे व्हर्बेटिम. सेशन रेकॉर्ड करायचं (परवानगी घेऊनच, आणि रोल प्लेचं असेल तरी मैत्रिणीला विचारूनच), मग ते शब्दन् शब्द लिहून काढायचं, उजवीकडे समास सोडायचा आणि आपल्या प्रत्येक वाक्यासमोर लिहायचं की हे मी का बोलले. अर्ध्या तासाचं लिहायला चार तास जातात. मुलं वैतागतात, पण स्वतःचं ‘हो ना, बरोबर, अगदी अगदी’ कागदावर बघितल्यावर जी लाज वाटते ना, तेवढं कुठलंच लेक्चर शिकवत नाही.

आणि रोल प्ले मराठीत करा. वर्गात सगळे इंग्रजीत करतात, कारण थिअरी इंग्रजीत शिकलेली असते, आणि मग पहिल्या प्लेसमेंटला, म्हणजे इंटर्नशिपच्या ठिकाणी, हडपसरच्या किंवा भिवंडीच्या दवाखान्यात समोर मावशी येऊन बसतात आणि म्हणतात डोकं जड होतं, छातीत धडधडतं, ॲसिडिटी आहे, झोप नाही, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल आलं. डिप्रेशन, ॲन्झायटी हे त्या म्हणणारच नाहीत. त्यांच्याशी झोपेपासून, जेवणापासून, घरात कोण कोण आहे इथून सुरुवात करायची असते. कॉन्व्हेंटवाल्यांची अडचण म्हणाले ती हीच. त्यांना सहानुभूती असते, पण ती मराठीत बोलायला गेल्या की बातम्या वाचल्यासारखं वाटतं. उपाय एकच, बोलत राहणं, आणि आजीचं, कामाला येणाऱ्या मावशींचं, रिक्षावाल्या काकांचं नुसतं ऐकत बसणं.

नात्यांचंही बघा. पन्नाशीचे गृहस्थ पंचविशीच्या काउन्सेलरला ‘ताई’ म्हणतात, त्यात आदर असतो आणि कधीकधी ‘तू लहान आहेस, तुला काय कळणार’ हेही असतं. तुम्ही त्यांना काका म्हणणार की साहेब की नावापुढे राव लावणार? ठरवून ठेवा, सुपरव्हायजरशी बोला. एकदा काका म्हटलं की ते वडीलधाऱ्यांच्या जागी जातात आणि मग त्यांना त्यांच्या दारूबद्दल सरळ विचारताना तुमचीच जीभ अडखळते. आणि सुनेबरोबर सासू येते, मुलाबरोबर आई येते, ‘आमच्यापासून लपवायचं असं काय आहे, आम्ही इथेच बसतो’ म्हणतात. पुस्तकातलं कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटीचं प्रकरण इथे येऊन आपटतं. मी शिकाऊ मुलींना सांगते की पहिली दहा मिनिटं सगळ्यांना आत घ्या, सासूबाईंचंही ऐका, त्यांना पाणी विचारा, आणि मग ‘आता थोडा वेळ मी हिच्याशी एकटीशी बोलते, माझी पद्धतच तशी आहे’ असं सरळ सांगा. पद्धत म्हटलं की लोक ऐकतात.

गुप्ततेलाही मर्यादा असतात आणि त्या पहिल्याच सेशनला सांगायच्या असतात. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय हे कळलं तर पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे २०१२ च्या, कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, ‘मी शब्द दिला होता’ हे तिथे चालत नाही. म्हणून मुलांना ‘कुण्णाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. जिवाला धोका असेल तिथेही तेच. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारायला शिका, त्याच शब्दांत. विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो ही भीती खोटी आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. आणि असं उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय करायचं, कुणाला फोन लावायचा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी कागदावर लिहून खिशात ठेवा. ज्या प्लेसमेंटमध्ये याचं उत्तर कुणालाच देता येत नाही तिथे इंटर्नशिप करू नका.

थेरपीच्या पद्धतींबद्दल थोडं. महाराष्ट्रात अल्बर्ट एलिसच्या आरईबीटीचा, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा मोठा प्रभाव आहे, डॉ. कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली, आणि ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्यात काम करणारी १९९० पासूनची संस्था तिच्यासाठी ओळखली जाते. मराठीत भरपूर साहित्य असल्याने आपल्याला ती पटकन जवळची वाटते. पण नवशिके तिचा जो वापर करतात तो बघवत नाही, समोरची रडतेय आणि हे म्हणतायत ‘हा तुमचा विचार अविवेकी आहे, पुरावा काय?’ आधी माणूस, मग विचार. एमएच्या दोन वर्षांत एक पद्धत बऱ्यापैकी खोल शिका, बाकीच्यांची तोंडओळख ठेवा. प्रोफाइलवर आर्ट थेरपी, हिप्नो, एनएलपी, टॅरो सगळं एका ओळीत लिहिणाऱ्यांच्या नादी लागू नका.

स्वतः क्लायंट होऊन बघा. सगळीकडे सक्ती नसते, म्हणून कुणी करत नाही. पुण्या-मुंबईत एका सेशनला हजार-दोन हजार सहज जातात, विद्यार्थ्याला ते परवडत नाही हे कबूल, पण बरेच जण विद्यार्थ्यांना कमी फीमध्ये घेतात, मागायला लाजू नका. आपल्याच शिक्षकाकडे मात्र जाऊ नका, जो तुम्हाला इंटर्नलचे मार्क देतो त्याच्यासमोर कोण खरं बोलणार.

पुढे नोकरी

शाळा हे सगळ्यात मोठं दार. सीबीएसईच्या शाळांना काउन्सेलर ठेवावा लागतोच, आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर ज्या सूचना दिल्या त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा असं आहे, म्हणजे कोचिंग क्लासवालेही त्यात आले. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात काउन्सेलर मॅडमना ऑफ पिरियड घ्यायला पाठवतात, गॅदरिंगचं अँकरिंग देतात, आणि एका खोलीत काचेच्या दारामागे बसवतात जिथून आख्खी शाळा कोण आलंय ते बघते. मुलाखतीलाच विचारून घ्या, खोली कुठली, प्रॉक्सी किती.

सरकारी दवाखान्यांत एचआयव्ही तपासणी केंद्रांचे समुपदेशक, किशोरवयीन मुलांसाठीची मैत्री क्लिनिक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, टेलिमानस, अशा जागा निघतात, बहुतेक कंत्राटी, पगार फार नाही, पण तिथे दोन वर्षांत जेवढी माणसं बघायला मिळतात तेवढी प्रायव्हेटमध्ये दहा वर्षांत नाही मिळत. पोलीस स्टेशनमधले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत, टिसने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेलं ते काम, हिंसाचाराच्या केसेस, काम कठीण आहे. कंपन्यांची कामं आहेत, पैसा बरा, क्लायंट इंग्रजी बोलणारे आणि बरेचसे फोनवर. स्वतःचं क्लिनिक एमए झाल्या झाल्या टाकू नका, निदान दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी छत्राखाली काम करा आणि तोवर घर चालवायला दुसरं काहीतरी असू द्या. सुरुवातीला महिन्याला चार क्लायंट येतात, त्यातले दोन ओळखीचे असतात, आणि ओळखीच्यांना घ्यायचं नसतं.

परदेशी जायचा विचार असेल तर भारतातला एमए तिकडे तसाच चालेल असं धरू नका, अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचं लायसन वेगळं आणि एमएनंतरही सुपरव्हिजनखालचे तास भरावे लागतात. इथे केलेल्या तासांची नोंद आणि सविस्तर सिलॅबस जपून ठेवला तर तिकडे निदान बोलायला काहीतरी हातात असतं.

आणि ती नोंद कशी ठेवायची तेही सांगते, कारण कॉलेजात कुणी सांगत नाही. एक साधी वही घ्या, नाहीतर एक्सेल. तारीख, ठिकाण, किती मिनिटं, एकटा क्लायंट की ग्रुप, क्लायंटचं नाव नाही फक्त कोड, आणि सुपरव्हिजन कुणी किती वेळ दिलं. शेवटच्या कॉलममध्ये सुपरव्हायजरची सही, आणि ती सही त्याच आठवड्यात घ्या. सेम संपल्यावर घेऊ म्हणता म्हणता मॅडम दुसऱ्या कॉलेजात जातात, एनजीओचा प्रोजेक्ट बंद होतो, आणि मग सही मागायला कुणाकडे जायचं हेच कळत नाही. दर महिन्याला पानांचे फोटो काढून ईमेलवर टाका, सिलॅबसची पीडीएफही तिथेच ठेवा, विद्यापीठं जुने सिलॅबस साइटवरून काढून टाकतात.